थंड रात्र, दूरचा भोंगा आणि संत्र्याचा रंग

पोरांनो, रेल्वे जवळ आलेली नाही. ती आहे तिथंच आहे, आपल्या आंगणापासून चांगली दोन-अडीच कोस लांब. दिवसा तिचा भोंगा इथं कोणी ऐकलाय का? भर दुपारी सारं गाव कवेलूंच्या सावलीत आडवं झालेलं असतं, कुत्रंसुद्धा भुंकत नाही, तेव्हाही तो ऐकू येत नाही. आणि रात्री जेवणं आटोपून तुम्ही अंथरुणात शिरलात की तिगावहून चिचोंड्याकडे घाट चढणाऱ्या मालगाडीचा आवाज थेट उशाशी येतो. गाडी तीच, कान तेच, अंतर तेच. मग मधे बदललं काय?

मधली हवा बदलली. आज त्या हवेचीच गोष्ट सांगतो. तुम्ही पुण्याहून दिवाळीला येता, उन्हाळ्यात येता, पण पौषातल्या रात्री इथं पहिल्यांदाच राहताय. ही गोष्ट याच दिवसांत सांगायची असते, कारण आत्ताच ती दिसते, ऐकू येते आणि अंगाला झोंबते.

आवाज म्हणजे हवेतली लाट. गरम हवेत ती लवकर पळते, थंड हवेत हळू. शून्य अंशाच्या हवेत आवाज सेकंदाला ३३१ मीटर जातो आणि हवा एक अंशानं तापली की सेकंदाला साधारण ०.६ मीटर जास्त. फरक एवढासाच, पण कोसभर जायचं म्हटलं की तेवढ्यानंही वाट वाकते. दुपारी जमीन तापलेली असते. तिला लागून असलेली हवा सगळ्यांत गरम आणि वर जावं तशी थंड. त्यामुळे लाटेचा खालचा भाग पुढं पळतो, वरचा मागं राहतो आणि सगळी लाट आभाळाकडे वळते. भोंगा वाजतो, पण आपल्या डोक्यावरून निघून जातो. रात्री सगळं उलटं. जमिनीलगतची हवा थंड, तिच्यावरची गरम. आता वरचा भाग पुढं पळतो, खालचा रेंगाळतो आणि लाट जमिनीकडे झुकते. जो आवाज आभाळात गेला असता तो वाकून आपल्या आंगणात उतरतो.

पण थांबा. उंचावर हवा थंड असते, हे तुम्ही शाळेत शिकलात. पचमढी उंचावर आहे म्हणून आपल्यापेक्षा गार, हेही तुम्हाला ठाऊक आहे. मग रात्री खालीच जास्त थंड कसं काय?

प्रत्येक वस्तू आपल्या अंगची ऊब किरणांच्या रूपानं बाहेर टाकत असते. जमीन टाकते, गवत टाकतं, ही बाज टाकते, तुम्हीही टाकता. हे किरण डोळ्यांना दिसत नाहीत. दिवसा सूर्याकडून जेवढं मिळतं त्यापुढे हा खर्च जाणवत नाही. सूर्य मावळला की मिळकत बंद होते आणि खर्च मात्र चालूच राहतो. आभाळात ढग असले किंवा हवेत बाष्प भरपूर असलं तर हे किरण वाटेत अडतात आणि त्यांतली बरीच ऊब खाली परत येते. ढग म्हणजे जमिनीच्या अंगावरची गोधडीच. श्रावणातल्या रात्री उकडतं ते यामुळेच. पौषात आपल्याकडे आभाळ कोरडं ठणठणीत, गोधडी काढून घेतलेली. जमिनीची ऊब सरळ वर, थेट आभाळाच्या पोकळीत जाते. गवताची पाती, कवेलू, गोठ्यावरचे पत्रे भराभर गार होतात आणि त्यांना टेकलेली हवाही गार होते.

गार हवा जड असते, ती जागची हलत नाही. उतार मिळाला तर मात्र खाली ओघळते. सातपुड्याच्या उतारावरून ती अशी रात्रभर ओघळत येते आणि सखल जागी साचते. म्हणून जाम नदीच्या काठच्या बागेत टेकाडावरच्या बागेपेक्षा जास्त थंडी पडते. काल मोटारसायकलवर माझ्या मागे बसून येताना नाल्याच्या उतरणीला तुमचे गुडघे एकदम गारठले आणि चढ चढल्यावर बरं वाटलं, आठवतं? आपण साचलेल्या गार हवेत शिरलो होतो आणि पलीकडून बाहेर आलो होतो. सकाळी चुलीचा धूर बघा. तो थोडा वर जातो आणि मग आडवा पसरतो, गावावर पांढरी रेघ ओढल्यासारखा. वर गरम हवेचा थर असतो. तो थर धुराला वर चढू देत नाही.

आता मला सांगा, पुण्यात तुमच्या गच्चीवर असं का होत नाही? तिथंही सूर्य मावळतो, आभाळ तेच असतं. पण तिथं रस्त्याच्या दोन्ही अंगांना उंच भिंती आहेत. भिंतीच्या समोर आभाळ नसतं, समोर दुसरी भिंत असते. हिनं टाकलेली ऊब ती घेते, तिनं टाकलेली ही घेते. वर आभाळाची चिंचोळी पट्टी उरते, तेवढ्यातून किती ऊब निसटणार? त्यात काँक्रीट आणि डांबर दिवसभर ऊन पिऊन बसलेलं, ते पहाटेपर्यंत ऊब सोडत राहतं. आपल्या शेतात ओल असते, पानं असतात. पाणी वाफ होऊन उडताना उष्णता घेऊन जातं, म्हणून शेताला दिवसाच इतकी उष्णता साठवता येत नाही. शहरात पाणी गटारात जातं आणि उष्णता भिंतीत. वर गाड्यांची इंजिनं आणि एसी. एसी खोलीतली उष्णता नाहीशी करत नाही, ती उचलून गल्लीत टाकतो.

हे पहिल्यांदा मोजून दाखवलं ते दोनशे वर्षांपूर्वी लंडनच्या ल्यूक हॉवर्ड यांनी. धंदा रसायनं आणि औषधं बनवण्याचा, जीव आभाळात अडकलेला. ढगांना आज जगभर जी शास्त्रीय नावं वापरतात, त्यांची सुरुवात त्यांनीच केली. ते शहराबाहेर रोज तापमान नोंदवत आणि शहरातल्या नोंदींशी ताडून पाहत. १८१८ ते १८२० या काळात त्यांचं लंडनच्या हवामानावरचं पुस्तक दोन खंडांत निघालं. त्यात त्यांनी लिहिलं की शहर रात्री गावाकडच्या मानानं सरासरी ३.७ अंश फॅरनहाइट गरम असतं, म्हणजे आपल्या मापात दोन अंशांच्या आसपास. दिवसा मात्र शहर किंचित थंडच भरलं. तेव्हा मोटारी नव्हत्या, एसी नव्हते. होते ते विटांचे थर आणि कोळशाच्या शेगड्या. तरीही फरक पडला, आणि पडला तो रात्री.

ही गोष्ट नीट ध्यानात घ्या. शहर आणि खेडं यांतला फरक दिवसा शोधायला गेलात तर रस्ते, दुकानं, इस्पितळं दिसतील. ती माणसानं केलेली आहेत आणि उद्या इथंही होतील, व्हायलाच हवीत. निसर्गानं दिलेला फरक रात्री कळतो. गावाला अजून पुरती रात्र मिळते: गार, काळी आणि शांत. शहराची रात्र अर्धीमुर्धी झाली आहे.

आणि ही रात्र नुसती झोपायची नाही. तुमच्या बापाचं शिक्षण या रात्रीवर झालंय. कसं, ते सांगतो.

आपली बाग संत्र्याची. जंभेरीच्या खुंटावर डोळा भरून केलेली झाडं, नागपुरी संत्र्याचीच जात. हा सगळा पट्टा, काटोल-नरखेडपासून पांढुर्णा-सौंसरपर्यंत, एकच बाग समजा. राज्याची सीमा मधून गेली ती नंतर. १९५६ साली राज्यांची फेररचना झाली तेव्हा नागपूर तिकडे गेलं आणि आपण मध्य प्रदेशात राहिलो. संत्र्याला ते कळलं नाही, आणि घरातल्या बोलीलाही नाही.

संत्र्याच्या हिरव्या सालीत दोन्ही रंग आधीपासून तयार असतात. हिरवा रंग हरितद्रव्याचा, पानात असतं तेच. त्याच्याखाली पिवळी-केशरी द्रव्यं दडलेली असतात, गाजराला रंग देणाऱ्या कुळातली. फळाच्या आतला रस गोड होणं आणि साल केशरी होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. गोडी आतून येते, रंगाला मात्र थंड रात्र लागते. रात्रीचा पारा तेरा-चौदा अंशांच्या खाली उतरायला लागला की सालीतलं हरितद्रव्य मोडू लागतं, केशरी द्रव्यं वाढतात आणि वर दिसतात. विषुववृत्ताजवळच्या देशांत, जिथं रात्री कधी गारठत नाहीत, तिथं संत्री पिकली तरी बाहेरून हिरवीच राहतात. आत गोड असतात, पण परक्या माणसाला वाटतं, कच्ची आहेत.

आपल्याकडेही हे दिसतं. आंबिया बहाराचं फळ दिवाळीच्या आगेमागे तोडायला येतं, तेव्हा थंडी नुकती सुरू झालेली असते, म्हणून ते पुष्कळदा देठाकडे हिरवट राहतं. मृग बहाराचं फळ सगळी थंडी झाडावर लोंबून काढतं आणि फेब्रुवारी-मार्चला उतरतं. त्याचा रंग बघा, डोळ्यात भरतो. व्यापारी टोपलीत हात घालण्याआधी रंग बघतो आणि रंगाप्रमाणे भाव बोलतो. म्हणजे जानेवारीतल्या या कडाक्याच्या रात्रींचे पैसे मार्चमध्ये हाती येतात.

थंडीचं दुसरं काम याहून मोठं. झाड फुलावर येण्यासाठी त्याला आधी थांबावं लागतं. आता बागेत जाऊन पाहा, पाणी बंद आहे, पानं मलूल झाली आहेत. तुम्ही काल मला म्हणालात, झाडं वाळतायत, मोटार सुरू करा. नाही रे, तो मुद्दाम दिलेला ताण आहे. थंडी आणि तहान दोन्ही मिळून झाडाची वाढ थांबवतात. नवी पालवी फुटत नाही, कमावलेलं अन्न फांद्यांत साठतं आणि डोळ्यांमध्ये पानाऐवजी फूल घडायची तयारी होते. हलक्या जमिनीत ताण लवकर बसतो, काळ्या भारी जमिनीत उशिरा, कारण ती पाणी धरून ठेवते. ताण किती द्यायचा हे झाडाकडे बघून ठरवायचं. कमी पडला तर फूल येत नाही, जास्त झाला तर झाड मरतं. मग एके दिवशी खत देऊन पाणी सोडायचं, ताण तोडायचा. काही दिवसांत झाड पांढरं होतं आणि वास शिवारभर पसरतो. परीक्षा नसत्या तर तुम्हाला फेब्रुवारीपर्यंत ठेवून घेतलं असतं.

थंडी फारच झाली तर मात्र कोवळी पालवी करपते. अशा रात्री काही जण बागेत काडीकचरा पेटवून धूर करतात, काही जण मोटार चालू करून पाणी फिरवतात. थंडीत पाणी देऊन झाड कसं वाचतं? पहाटे विहिरीवर चला, दाखवतो. पाण्यातून वाफ निघत असते. हात घातला तर कोमट लागतं. तेच पाणी मे महिन्यात गार लागतं. पाणी बदलत नाही हो, बाहेरची हवा बदलते. दिवस-रात्रीची उष्णता-थंडी जमिनीत हातभर खोल जाईपर्यंतच बहुतेक विरून जाते. उन्हाळा-हिवाळ्याचा फरक आणखी खाली पोहोचतो, पण दहा मीटरच्या आसपास तोही संपतो. त्याखाली जमीन वर्षभर एकाच तापमानाला असते, आणि ते साधारण त्या जागच्या वर्षभराच्या सरासरीएवढं. आपल्याकडे पंचवीस-सव्वीस अंशांच्या आसपास. म्हणजे विहिरीत उन्हाळा आणि हिवाळा एकत्र मिसळून ठेवलेले आहेत. थंडीच्या रात्री ते पाणी बागेत फिरवलं की तेवढी ऊब झाडांच्या पायाशी जाते.

विहिरीचा विषय निघाला म्हणून सांगतो. आपल्या भागात विहीर खोदली की वर काळी माती, मग मुरूम, मग काळा कातळ. हा कातळ म्हणजे थिजलेला लाव्हा. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी इथं जमिनीच्या भेगांतून लाव्हा वाहत होता, एक थर, मग विश्रांती, मग दुसरा थर. विश्रांतीच्या काळात तळी साचली, झाडं उगवली, आणि पुढच्या लाव्ह्यानं ती झाकली. पाण्यात विरघळलेल्या सिलिकानं त्या झाडांच्या पेशीन् पेशी दगडाच्या केल्या. लखनौचे बिरबल साहनी आणि एच. एस. राव यांनी सौंसरच्या आसपास सापडलेल्या अशा दगडी वनस्पतींवर १९४३ साली मोठा लेख प्रसिद्ध केला. त्यात अझोलाची एक जात होती. अझोला माहीत आहे ना? शेजारच्या टाक्यात गाईंसाठी वाढवतात ते हिरवं तरंगतं नेचं. दुभत्या गाईला आज जे घालतो त्याचा साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा भाऊबंद सौंसरच्या दगडात निघाला! त्याच काळच्या थरांत, आपल्या छिंदवाड्याच्या बाजूला, ताडा-माडांच्या कुळातल्या झाडांची दगडी खोडं आणि फळंही सापडली आहेत. ताडाला कडक थंडी सोसत नाही. तेव्हा भारताची जमीन आजच्यापेक्षा बरीच दक्षिणेला होती आणि इथली रात्र उबदार होती. संत्र्याला रंग देणारी ही थंडी पुष्कळ नंतरची.

चला, आता बाहेर या. स्वेटर घाला, कान बांधा. आंगणातला दिवा मालवतो. पाच-दहा मिनिटं गप्प उभे राहा, डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला वेळ लागतो. मोबाईल काढलात तर पुन्हा पहिल्यापासून.

हे डोक्यावर मृग. मधे ओळीत तीन तारे, तो बाण. खाली तेजस्वी व्याध. वर लालसर रोहिणी आणि तो कृत्तिकांचा झुबका. आता एक गंमत बघा. मृग लागला म्हणजे पाऊस, असं आपण म्हणतो, आणि मृग बहारही त्याच्याच नावाचा. पण जूनमध्ये मृग आभाळात दिसतो का? दिसत नाही, कारण सूर्यच तेव्हा मृगात असतो. त्या दिवसांत तो सूर्यासोबत उगवतो आणि सूर्यासोबत मावळतो. सहा महिन्यांत पृथ्वी सूर्याच्या दुसऱ्या बाजूला आली, म्हणून जे नक्षत्र जूनमध्ये सूर्याच्या झगमगाटात बुडालं होतं ते आता मध्यरात्रीच्या आसपास डोक्यावर आहे. पेरणीचं नक्षत्र बघायचं ते थंडीत.

उत्तर-पूर्वेला थोड्या वेळानं सप्तर्षी वर येतील. गोंड वस्त्यांमध्ये त्यांना ऋषी म्हणत नाहीत. चार तारे म्हणजे बाज आणि मागचे तीन तारे म्हणजे बाजेमागे लागलेले चोर. मयंक वाहिया आणि गणेश हलकारे यांनी गोंड खेड्यांत जाऊन, म्हाताऱ्या माणसांशी बोलून हे त्यांचं आभाळ लिहून काढलं आणि २०१३ साली प्रसिद्ध केलं. मला ते काम फार मोलाचं वाटतं. ज्याला रात्री आभाळ दिसतं त्यालाच त्याच्या गोष्टी आठवतात. दिसेनासं झालं की दोन पिढ्यांत गोष्टी संपतात.

पश्चिमेकडे बघा, तिथं धुरकट ठिपका आहे. सरळ न बघता थोडं बाजूला बघा, मग दिसेल. डोळ्याच्या कडेला अंधुक उजेड चांगला कळतो. ती देवयानी, दुसरी आकाशगंगा. तिथून निघालेला उजेड आत्ता तुमच्या डोळ्यांत पोहोचला. तो निघाला पंचवीस लाख वर्षांपूर्वी. तेव्हा तुमच्या-माझ्यासारखा माणूस पृथ्वीवर नव्हता. इतका लांबचा प्रवास करून आलेला उजेड पुण्याच्या रस्त्यावरच्या दिव्यात शेवटच्या क्षणी बुडतो. २०१६ साली शास्त्रज्ञांनी जगाच्या रात्रीच्या उजेडाचा नकाशा केला. त्यात दिसलं की जगातल्या तीनांतल्या एकाहून अधिक माणसांना आपली स्वतःची आकाशगंगा घरून दिसतच नाही. आपल्याकडेही आग्नेयेला क्षितिजावर बघा, नागपूरचा पिवळट उजेड दिसतो.

दिव्याभोवती किडे का घिरट्या घालतात, हे लहान्यानं विचारलं होतं. आम्ही लहानपणी ऐकलं की पतंगाचं दिव्यावर प्रेम असतं. शास्त्रज्ञ म्हणत, तो दिव्याला चंद्र समजतो. २०२४ च्या जानेवारीत एक अभ्यास प्रसिद्ध झाला. वेगवान कॅमेऱ्यांनी किड्यांच्या उडण्याची चित्रं घेतली, तेव्हा कळलं की किडा दिव्याकडे जातच नाही. तो दिव्याकडे पाठ करतो. कोट्यवधी वर्षं रात्रीसुद्धा आभाळ जमिनीपेक्षा उजळ राहिलं आहे. ज्या बाजूला उजेड ती वरची बाजू, पाठ तिकडे ठेवली की आपण सरळ उडतो, एवढं किड्याच्या अंगात भिनलेलं. दिवा बाजूला असला की तो पाठ तिकडे वळवतो, आडवा होतो, त्याची वाट वळते, पुन्हा पाठ वळवतो, आणि असा फिरतच राहतो. दिवा खाली जमिनीवर ठेवला तर तो उलटा होऊन पडतो. त्याचं दिव्यावर प्रेम नाही, तो अडकलेला असतो.

रात्रीचे सगळेच पतंग आपले मित्र नव्हेत, हेही सांगायला हवं. फळातला रस शोषणारा एक मोठा पतंग पावसाळा संपता संपता अंधार पडल्यावर बागेत येतो, पिकत आलेल्या संत्र्याला सोंडेनं भोक पाडतो आणि फळ गळून पडतं. त्याच्या अळ्या बांधावरच्या गुळवेलीवर आणि वासनवेलीवर वाढतात. त्या दिवसांत संध्याकाळी बागेत धूर करून बसावं लागतं.

आणि गावच्या रात्रीचं सगळंच गोड आहे, असं मी म्हणणार नाही. जी थंड हवा भोंगा आणून देते तीच चुलीचा धूर गावावर दाबून ठेवते आणि म्हाताऱ्या बायांची छाती त्यानं भरते. शेतीची वीज पुष्कळदा रात्रीच्या पाळीत येते. मग या गारठ्यात चिखलात पाय घालून दांड वळवायला माणसाला जावं लागतं, आणि ते काम मी केलेलं आहे. अडल्या बाईला रात्री नागपूरला न्यायचं तर रस्त्यावर दिवा हवाच. अंधार हवा म्हणून गैरसोय सोसा, असं कोणी कोणाला सांगू नये.

पण दिवा कसा लावायचा हे आपल्या हातात आहे. २०२३ साली पांढुर्णा जिल्हा झाला. आता कचेऱ्या वाढतील, रस्ते रुंद होतील, खांब उभे राहतील. दिव्यावर टोपण घालून उजेड खाली रस्त्यावर पाडता येतो. आभाळात फेकलेल्या उजेडाचा चालणाऱ्याला काहीच उपयोग नाही आणि त्याचंही बिल भरावं लागतं. पांढऱ्या-निळ्या झगझगीत दिव्यापेक्षा पिवळसर दिवा डोळ्यांना आणि किड्यांना बरा. जिल्हा नवा आहे, तोवरच हे ठरवणं सोपं आहे. मी हे ग्रामसभेत बोललो आहे आणि पुन्हा बोलणार आहे. रस्त्याकडेला झाडं ठेवली, आंगणं सगळी फरशीनं बंद केली नाहीत, तर रात्रीचा गारवाही राहील. मोठं होताना पुण्यासारखं गरम व्हायलाच हवं, असा काही नियम नाही.

आता तुमचं काम. विल्यम चार्ल्स वेल्स नावाचे लंडनचे एक डॉक्टर होते. दव आभाळातून पडतं की जमिनीतून येतं, याचा त्यांना छडा लावायचा होता. शहरात ते जमेना, म्हणून प्रकृती बरी नसतानाही ते रात्री शहराबाहेर एका ओळखीच्या बागेत जात. त्यांनी खांबांवर एक फळी टेकवली, सारख्या वजनाचे लोकरीचे दोन पुंजके घेतले, एक फळीच्या वर ठेवला आणि एक खालच्या बाजूला बांधला. सकाळी वजन केलं. दोन्ही मुळात दहा-दहा ग्रेनचे. वरच्यात चौदा ग्रेन पाणी भरलं, खालच्यात फक्त चार. वरच्याला आभाळ मोकळं होतं, तो जास्त गार झाला, म्हणून हवेतलं बाष्प त्याच्यावर जास्त जमलं. खालच्याला फळीनं आभाळापासून झाकलं होतं. १८१४ साली त्यांनी हे पुस्तकरूपात छापलं. त्यात हिंदुस्थानातल्या बर्फाचीही चर्चा आहे. त्या काळी अलाहाबाद-बंगालकडे थंडीच्या निरभ्र रात्री खड्ड्यात वाळका कडबा अंथरून त्यावर उथळ मातीच्या थाळ्यांत पाणी ठेवत, आणि हवा गोठण्याइतकी थंड नसतानाही पहाटे थाळ्यांत बर्फ मिळे. पाण्याची ऊब आभाळात जाई आणि कडबा खालची ऊब वर येऊ देत नसे.

तुम्ही लोकरीऐवजी कापूस घ्या. आपल्या शेतातला नको. कच्च्या कापसावर मेणाचा थर असतो, तो पाणी पीत नाही. औषधाच्या दुकानात मिळतो तो घ्या. चार सारखे पुंजके करा आणि सोनाराच्या काट्यावर तोलून घ्या. दोन इथं ठेवा, एक पाटाच्या वर आणि एक पाटाखाली, आणि दिवस उजाडायच्या आत उचलून डबीत बंद करा, ऊन लागलं की दव उडून जातं. उरलेले दोन पुण्याला घेऊन जा आणि गच्चीवर तसेच ठेवा, पण पाण्याच्या टाकीजवळ नको. आकडे मला मोबाईलवर पाठवा, आधी मात्र वहीत लिहा. आकड्यांच्या शेजारी, रात्री आभाळ मोकळं होतं की ढगाळ, वारा होता की नव्हता, हेही लिहा. वारा असला तर ती रात्र सोडून द्या आणि दुसऱ्या रात्री पुन्हा ठेवा.